खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: शेवाळ आणि पाण्याचा हिशेब

शिंपला (पुणे)
नमस्कार. गोड्या पाण्यातील मासे अनेक वर्षे सांभाळल्यानंतर या वर्षी प्रथमच खाऱ्या पाण्याची टाकी सुरू केली आहे. तिच्यातील शेवाळाविषयी येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. टाकी ३ बाय दीड बाय दीड फुटांची असून दगड आणि वाळू वजा जाता आत साधारण १६० लिटर पाणी असावे. दगड सिरॅमिकचे आहेत आणि वाळू अॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) आहे. मागे छोटा संप (गाळणीसाठीची जोडटाकी) असून त्यात प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) बसवला आहे. टाकीत २ क्लाउनफिश आणि ३ हिरव्या क्रोमिस आहेत. अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्याची खात्री करून घेतल्यानंतरच मासे सोडले होते.

आरंभी वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखे दिसत होते, ते आपोआप गेले. त्यानंतर दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ वाढू लागले आणि आता मागच्या कोपऱ्यात, जेथे पाण्याची हालचाल कमी आहे तेथे, वाळूवर लालसर-जांभळा चिकट थर पसरला आहे. पाण्याचे आकडे असे आहेत: विशिष्ट गुरुत्व १.०२६, तापमान २७ ते २८ अंश, नायट्रेट ५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.२५ पीपीएम. दिवे ११ तास चालू असतात. पाणी घरच्या आरओचे वापरतो, त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ४५ येतो. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो. दुकानदाराने शेवाळ मारण्याचे द्रावण सुचवले आहे, परंतु ते घालण्यापूर्वी येथे विचारावे असे वाटले.

सागरगोटा (ठाणे)
ते द्रावण कृपया घालू नका. गोड्या पाण्यासाठी मिळणाऱ्या अशा अनेक द्रावणांत तांबे असते. मासे ते काही प्रमाणात सहन करतात, परंतु गोगलगाई, कोळंबी आणि खेकडे यांना ते घातक असते, आणि दगड-वाळूत एकदा मुरलेले तांबे पुढे दीर्घकाळ सुटत राहते. शिवाय, द्रावणाने शेवाळ मेले तरी त्याच्या शरीरातले नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकीतच राहतात आणि पुढच्या पिकाचे खत होतात.

तुम्ही वर्णन केलेल्या तीन गोष्टी तीन वेगळ्या जीवांच्या आहेत आणि त्यांचा वेगवेगळा विचार केला पाहिजे. तपकिरी धूळ म्हणजे डायटम, एक प्रकारचे एकपेशीय शेवाळ. त्यांना कवचासाठी सिलिकेट लागते. नव्या वाळूतले आणि पाण्यातले सिलिकेट संपत आले की ते बहुधा स्वतःहून ओसरतात, तुमच्याकडेही तसेच झालेले दिसते. हिरवे केसाळ शेवाळ हे खरे शेवाळ आहे आणि ते फॉस्फेट व नायट्रोजनवर पोसले जाते. लालसर चिकट थर मात्र शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया आहेत. बोटाने किंवा नळीने ओढले असता ते चादरीसारखे सुटून येतात आणि दिवसा त्यांच्यावर प्राणवायूचे बुडबुडे दिसतात. केसाळ शेवाळ मात्र दगडाला मुळापासून घट्ट धरून असते.

आता मूळ मुद्दा. हे सगळे कोठून येते? उत्तर बहुतांशी एकच आहे: तुम्ही घालत असलेल्या खाद्यातून. माशांच्या कोरड्या खाद्यात वजनाच्या साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस मिळतो आणि त्याचे फॉस्फेट होते सुमारे ३० मिलिग्रॅम. हे १०० लिटर पाण्यात विरघळले तर फॉस्फेट ०.३ पीपीएमने वाढते. त्याच खाद्यात ४५ टक्के प्रथिने धरली तर त्यातील नायट्रोजनचे अखेरीस ३०० मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट होते, म्हणजे १०० लिटरमध्ये ३ पीपीएमपेक्षा किंचित जास्त. अवघ्या १ ग्रॅमचा हा परिणाम आहे. तुम्ही आठवड्याला किती ग्रॅम खाद्य घालता, हे एकदा तराजूवर तोलून येथे लिहाल का? चिमटीचा अंदाज सांगू नका, वजन सांगा.

वाळूघड्याळ (नाशिक)
सागरगोटा यांच्याशी सहमत आहे, परंतु त्या ४५ टीडीएसकडे दुर्लक्ष करता येणार नाही. खडकवासल्याचे पाणी मुळात फारसे जड नसते. चांगल्या स्थितीतील आरओच्या पडद्याने विरघळलेले ९५ टक्क्यांहून अधिक क्षार अडवायला हवेत, मग तुमच्याकडे ४५ येण्याचे कारण काय? माझ्या मते तुमच्या यंत्रातील टीडीएस कंट्रोलर उघडा आहे. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून हा छोटा व्हॉल्व्ह पडद्याला वळसा घालून थोडे पाणी तसेच मिसळतो, आणि काही यंत्रांत त्यापुढे खनिजे घालणारी कांडीही असते. पिण्यासाठी हे ठीक आहे, पण टाकीसाठी पडद्यातून थेट निघालेले पाणी वेगळ्या नळीने काढून घ्यावे आणि पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा एक नळकांडा जोडावा. रेझिननंतर मीटरवर शून्य दिसले पाहिजे.

मीटरच्या मर्यादेविषयीही सांगतो. टीडीएस मीटर केवळ विद्युतवाहकता मोजतो. सिलिकेट पाण्यात बहुतांशी विद्युतभाररहित स्वरूपात असल्यामुळे ते मीटरला जवळजवळ दिसतच नाही, आणि रेझिन संपत आले की सर्वांत आधी तेच सुटते. मीटर शून्य दाखवत असतानाही वाळूवर पुन्हा तपकिरी धूळ येऊ लागली, तर पहिला संशय रेझिनवर घ्यावा. नगरपालिकेच्या पाण्यातील क्लोरिनसाठी पडद्याआधीची कार्बनची कांडी वेळेवर बदलणेही तितकेच आवश्यक आहे, कारण क्लोरिन पडद्याला खराब करते. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्यांचे रेझिन फार लवकर संपते. त्यांनी पडद्याची कार्यक्षमता आधी तपासावी.

आणि टॉप-अपचे पाणी विसरू नका. बाष्पीभवनात पाणी उडते, क्षार तसेच मागे राहतात. रोज २-३ लिटर ४५ टीडीएसचे पाणी भरले तर त्यातील प्रत्येक कण टाकीत साठत जातो.

शिंपला
दोघांचेही आभार. व्हॉल्व्ह खरोखरच उघडा होता, तो बंद केल्यावर मीटर ७ दाखवतो. रेझिन मागवले आहे. खाद्य तोलले, कोरड्या गोळ्या आठवड्याला साधारण २ ग्रॅम होतात. त्याखेरीज आठवड्यातून तीन वेळा गोठवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) देतो.

एक शंका आहे. चाचणीत नायट्रेट फक्त ५ येते. केसाळ शेवाळ तर भरपूर आहे. मग चाचणी चुकीची आहे, की शेवाळाला नायट्रेट लागतच नाही? आणि एकदाच ५० टक्के पाणी बदलून हे सर्व संपवता येणार नाही का?

सागरगोटा
चाचणी बहुधा बरोबर आहे. चाचणी पाण्यात उरलेले मोजते, खर्च झालेले मोजत नाही. तुमच्याच आकड्यांवरून पाहू. आठवड्याला २ ग्रॅम खाद्य १६० लिटरमध्ये गेले, तर नायट्रेटची आवक आठवड्याला सुमारे ४ पीपीएम आणि फॉस्फेटची सुमारे ०.३८ पीपीएम होते. यात मायसिस धरलेली नाही. आता दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलल्याने त्या वेळच्या साठ्याचा केवळ दहावा भाग बाहेर जातो. आवक आणि जावक समान होईपर्यंत साठा वाढत राहतो आणि तो आठवड्याच्या आवकेच्या दहापटीवर स्थिरावतो. दुसरे काहीच काम करत नसते, तर पाणी बदलण्यापूर्वी तुमचे नायट्रेट ४० आणि फॉस्फेट ३.८ पीपीएमवर जाऊन थांबले असते. प्रत्यक्षात ते ५ आणि ०.२५ आहे. मधला फरक कोठे गेला? काही भाग माशांच्या वाढीत गेला, काही स्किमरने काढला, पुष्कळसे फॉस्फेट दगड-वाळूने धरून ठेवले आणि उरलेले ज्याला आपण शत्रू म्हणतो त्या हिरव्या शेवाळाच्या अंगात आहे. ते शेवाळ तुमच्या टाकीतील सध्याचा सर्वांत कार्यक्षम फिल्टर आहे, फक्त तो चुकीच्या जागी वाढला आहे.

यातूनच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ५० टक्के पाणी बदलले तर फॉस्फेट त्या दिवशी ०.१२ होईल, पण कॅल्शियम कार्बोनेटच्या वाळूने धरून ठेवलेले फॉस्फेट पाण्यातील प्रमाण उतरताच पुन्हा पाण्यात येऊ लागते. काही दिवसांत आकडा चढलेला दिसतो आणि नवखे लोक निराश होतात. पाणी बदलणे निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. पण ते नियमित असले पाहिजे आणि त्याआधी आवक कमी झाली पाहिजे. आठवड्याला २० टक्के केले तर वरचा गुणक १० ऐवजी ५ होतो. हा मोठा फरक आहे.

माझा आग्रह असा आहे की, आधी खाद्य निम्म्यावर आणा. पाच लहान माशांना आठवड्याला १ ग्रॅम कोरडे खाद्य आणि दोन वेळा मायसिस पुरेशी आहे. गोठवलेली मायसिस वितळवून चहाच्या गाळणीत आरओच्या पाण्याने धुवा आणि ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका. मिनिटभरात जेवढे खाद्य संपते तेवढेच एका वेळी घाला. दिवे ८ तासांवर आणा. दिवे कमी केल्याने शेवाळाची गती मंदावते, पण खाद्य तसेच ठेवून केवळ दिवे कमी करण्यावर विसंबून राहू नका.

शिंपला
नायट्रेट आणि फॉस्फेटचे प्रमाण १६ ला १ ठेवले की शेवाळ येत नाही, असे काही ठिकाणी वाचले. त्यात तथ्य आहे का?

सागरगोटा
तो अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या अभ्यासाचा चुकीचा वापर आहे. रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये खुल्या समुद्रातील प्लवकांविषयी मांडणी केली होती आणि पुढे कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरसचे १०६:१६:१ हे प्रमाण त्यांच्या नावाने रूढ झाले. ते अणूंच्या संख्येचे प्रमाण आहे, पीपीएमचे नव्हे. नायट्रेट आणि फॉस्फेटच्या पीपीएममध्ये मांडले तर ते साधारण १० ला १ होते. दुसरे असे की, तळाशी चिकटून वाढणाऱ्या समुद्री वनस्पतींचे प्रमाण वेगळे असते. अॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये अशा वनस्पतींसाठी ५५०:३०:१ हे मध्यवर्ती प्रमाण दिले. म्हणजे दगडावरचे शेवाळ अत्यल्प फॉस्फरसवर पुष्कळ वाढू शकते. प्रमाण जुळवण्याच्या मागे लागण्यापेक्षा दोन्ही आकडे वाजवी मर्यादेत, म्हणजे नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान, स्थिर ठेवणे हे अधिक शहाणपणाचे आहे.

निळीभरती (दुबई)
वरील शेवटच्या वाक्यातील ‘स्थिर’ या शब्दावर मला भर द्यावासा वाटतो. येथील अनेक जण शेवाळाला घाबरून फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, म्हणजे जीएफओ, पूर्ण मात्रेत भरतात, खाद्य बंद करतात, नायट्रेटही शून्यावर नेतात आणि मग त्यांच्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) हे सूक्ष्मजीव येतात. ते संकट केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी मोठे आहे. तपकिरी, शेंबडासारखे तंतू, त्यांच्या टोकांना बुडबुडे, रात्री कमी झाल्यासारखे वाटणे आणि दुपारपर्यंत पुन्हा सर्वत्र पसरणे, ही त्यांची ओळख आहे. ऑस्ट्रिऑप्सिस या जातीचे डायनो विषारी असतात आणि ते खाऊन गोगलगाई मरतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झाले की इतर शेवाळ आणि जिवाणू उपाशी राहतात व यांना मोकळे रान मिळते.

ओळखीसाठी एक साधी चाचणी आहे. तो थर पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा आणि गाळलेले पाणी तासभर प्रकाशात ठेवा. पुन्हा तंतू जुळून आले तर डायनो समजावेत. स्वस्तातला सूक्ष्मदर्शक असेल तर अधिक चांगले, कारण ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगत असल्याने त्यावर यूव्ही दिव्याचा उपयोग होतो, तर अॅम्फिडिनियम वाळूतच राहत असल्याने होत नाही. उपचार जातीवर अवलंबून आहे, म्हणून ओळख आधी झाली पाहिजे. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, तो नॉक्टिल्युका हाही डायनोफ्लॅजेलेटच.

शिंपला यांनी जीएफओ वापरायचेच ठरवले, तर शिफारशीच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी मात्रेने आरंभ करावा आणि दोन-तीन दिवसांनी फॉस्फेट मोजत राहावे. ०.२५ वरून ०.०८ वर यायला काही आठवडे लागले तरी चालेल.

कालवं (पनवेल)
मीठ विकत घेऊन पाणी बनवण्यापेक्षा अलिबाग किंवा रेवदंड्याहून समुद्राचे पाणी आणणे सोपे आणि स्वस्त पडणार नाही का? त्यात सर्व खनिजे नैसर्गिकच असतात.

दर्याकिनारी (रत्नागिरी)
माझे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, तरीही मी नवख्या माणसाला हा सल्ला देणार नाही. भर समुद्रातील पाणी उत्तम असते, पण आपण पाणी भरतो ते किनाऱ्यावरून. जून ते सप्टेंबर नद्या-खाड्यांचे गोडे पाणी मिसळल्याने किनाऱ्यालगतची लवणता खूप घसरते, गाळ येतो, आणि त्याबरोबर शेतांतील खते व वस्त्यांचे सांडपाणी येते. मुंबईच्या आसपास तर सांडपाण्याचा प्रश्न वर्षभर असतो. म्हणजे जे फॉस्फेट कमी करण्यासाठी हा सर्व खटाटोप चालला आहे, तेच आपण कॅन भरून घरी आणतो.

ज्यांना आणायचेच असेल त्यांनी पावसाळा संपून दोन-तीन महिने झाल्यावर, खाडीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी आणि शक्य झाल्यास होडीतून आत जाऊन पाणी भरावे. ते अंधारात झाकून ठेवावे, बारीक कापडातून गाळावे आणि वापरण्यापूर्वी लवणता, अमोनिया, नायट्रेट व फॉस्फेट मोजावे. पुण्याच्या माणसाला हे दर आठवड्याला जमणार नाही, आणि कधी जमेल कधी नाही अशा पाण्यावर टाकी चालत नाही. मिठाचे पाणी बनवताना लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागते. मीठ पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये, आणि पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा छोटा पंप) लावून ते रात्रभर फिरू द्यावे. लवणता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर न जुळवता ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग) प्रमाणित द्रावणावर जुळवावा.

कालवं
पटले. मग दगड तरी किनाऱ्यावरचे चालतील का? जिवंत खडकाने, म्हणजे जिवाणू आणि सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्रातील खडकाने, टाकी लवकर स्थिरावते असे ऐकले आहे.

खाजणकाठ (मालवण)
येथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. जिवंत खडकाचे महत्त्व खरे आहे. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६० च्या सुमारास फक्त समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांवर टाक्या चालवून दाखवल्या, आणि त्यानंतर जगभरच्या छंदिष्टांनी खडकालाच फिल्टर मानायला सुरुवात केली. परंतु भारतात परिस्थिती वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ मध्ये कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री घोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश झाला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, पण संरक्षण कायम आहे. आपण ज्याला जिवंत खडक म्हणतो तो बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच असतो. संरक्षण मृत प्रवाळालाही लागू आहे. दुकानात मिळते म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

मी येथील सागरी अभयारण्याच्या काठावर राहतो. १९८७ मध्ये घोषित झालेल्या या क्षेत्रातील प्रवाळांवर तापमानवाढीचा, मासेमारीचा आणि पर्यटनाचा ताण आधीच आहे. आपल्या दिवाणखान्यातील शोभेसाठी त्यात भर पडू नये असे मला मनापासून वाटते. शिंपला यांनी सिरॅमिकचे दगड घेतले हे फार चांगले केले. त्यांना मुरायला वेळ लागतो. त्या काळात रिकाम्या पृष्ठभागावर आधी शेवाळच येणार, कारण जागा अडवणारे दुसरे कोणी तेथे नसते. पुढे गुलाबी-जांभळे कोरलाइन शेवाळ पसरले की केसाळ शेवाळाला जागा मिळेनाशी होते. मासेही शक्यतो प्रजनन केंद्रात वाढवलेले घ्यावेत. क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलेले आहे.

अँटिना (बंगळूरु)
सायनोविषयी एक सूचना करतो. एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या ठरावीक मात्रेत घातल्या तर तो लाल थर दोन-तीन दिवसांत नाहीसा होतो. मी हा उपाय केलेला आहे आणि मासे सुरक्षित राहिले.

सागरगोटा
तो थर नाहीसा होतो, हे मान्य आहे. तरीही मी याच्या विरोधात आहे आणि कारणे सांगतो. सायनोबॅक्टेरिया हे जिवाणू असल्यानेच प्रतिजैविक त्यांच्यावर चालते, आणि त्याच कारणाने ते टाकीतील उपयोगी जिवाणूंनाही अपाय करू शकते. अशा नव्या टाकीत हा धोका पत्करण्यासारखा नाही. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तेथे एकूण अमोनियातील विषारी मुक्त अमोनियाचा वाटा पीएच ७ च्या गोड्या पाण्यापेक्षा दहापटीहून अधिक असतो. नायट्रीकरण (जिवाणूंनी अमोनियाचे नायट्रेट करणे) थोडेही अडखळले तर मासे दगावतात. त्यानंतर ते पाणी आपण गटारात ओततो. माणसांच्या उपचारांत लागणारी औषधे अशा रीतीने सांडपाण्यात सोडणे मला योग्य वाटत नाही. आणि ज्या कोपऱ्यात पाणी साचले होते तो कोपरा तसाच राहिला, तर थर पुन्हा येतो.

शिंपला, तुमच्या वर्णनातच उपाय आहे: ‘जेथे पाण्याची हालचाल कमी आहे’. एक लहान वेव्हमेकर (पाणी हलते ठेवणारा पंप) मागच्या कोपऱ्याकडे वळवून लावा. पाणी बदलण्याच्या दिवशी तो थर नळीने सावकाश ओढून घ्या आणि त्याखालची वाळू सेंटिमीटरभर हलकेच उपसा, कारण तेथे कुजलेले खाद्य साचलेले असते. तीन दिवस दिवे पूर्ण बंद ठेवल्यानेही सायनो खूप कमी होतात, पण त्या काळात पृष्ठभाग हलता ठेवा आणि शेवटी मोठे पाणी बदला, नाहीतर मेलेला थर प्राणवायू खाऊन टाकतो.

अँटिना
गटाराचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पाण्याचा प्रवाह आणि नळीने ओढणे, हेच आधी करून पाहावे, हे मान्य.

वाळूघड्याळ
तापमानाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. २७-२८ अंश आज ठीक आहे, परंतु एप्रिल-मेमध्ये चिलर नसेल तर हीच टाकी ३१-३२ वर जाते. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि माशांची व जिवाणूंची गरज मात्र वाढते. नाशिक-पुण्यासारख्या कोरड्या हवेत संपवर पंखा लावल्याने तापमान दोन-तीन अंश उतरते. मुंबई आणि कोकणातील दमट हवेत बाष्पीभवन कमी होत असल्याने तोच उपाय फारसा चालत नाही, तेथे चिलर किंवा वातानुकूलित खोलीच हवी. पंखा लावला की टॉप-अपचे पाणी दुपटीपर्यंत लागू शकते. म्हणून तरंगत्या स्विचवर चालणारा टॉप-अप बसवून घ्या. वीज गेल्यावर निदान एक पॉवरहेड किंवा हवेचा पंप इन्व्हर्टरवर असावा. शेवाळाने भरलेली टाकी रात्री वीज गेल्यावर सर्वांत लवकर संकटात येते, कारण अंधारात शेवाळही प्राणवायूच वापरते.

शिंपला
गोगलगाई आणि ब्लेनी मासे आणले तर शेवाळ खातील का? आणि संपमध्ये चिटो हे शेवाळ लावण्याविषयी आपले मत काय?

दर्याकिनारी
गोगलगाई उपयोगी आहेत, पण त्या लांब वाढलेले केस खात नाहीत, नुकते उगवणारे कोवळे शेवाळ खातात. म्हणून आधी हाताने उपटून दगड मोकळे करा आणि नंतर त्या सोडा. १६० लिटरला सेरिथ आणि लहान टर्बो मिळून सुरुवातीला आठ-दहा पुरेत. एकदम पन्नास आणल्या तर शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि पाणी बिघडवतात. खरेदी करताना जात विचारून घ्या, कारण ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या मोठ्या जाती संरक्षित यादीत आहेत. लॉनमोवर ब्लेनीही चांगली, मात्र टाकीतील शेवाळ संपल्यावर तिला समुद्री भाजीचे पापुद्रे द्यावे लागतात. तुमच्या टाकीच्या आकारात टँग मासा आणू नका, कोणीही कितीही आग्रह केला तरी.

सागरगोटा
चिटोच्या बाजूने माझे मत ठाम आहे. शेवाळ वाढणारच असेल तर ते आपण ठरवलेल्या जागी वाढू द्यावे, हा विचार जुना आहे. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास शेवाळाच्या हिरवळीवरून पाणी वाहवून ते शुद्ध करण्याची पद्धत विकसित केली. घरच्या संपमध्ये त्याचे सोपे रूप म्हणजे किटोमॉर्फा, ज्याला आपण चिटो म्हणतो. ते दगडाला चिकटत नाही, गुंतवळासारखे मोकळे वाढते, त्यामुळे मूठभर काढून टाकणे सोपे जाते. काढून टाकलेले शेवाळ म्हणजे टाकीबाहेर गेलेले नायट्रोजन आणि फॉस्फरस. संपचा दिवा रात्री, मुख्य टाकीचे दिवे बंद असताना लावला तर रात्री पीएचही कमी घसरतो. कौलर्पा ही शेवाळाची दुसरी जात मात्र टाळा. ती एकाएकी प्रजनन पेशी सोडून कोसळते आणि साठवलेले सर्व पुन्हा पाण्यात येते. तसेच एकदा मुख्य टाकीत शिरली की हटवणे फार कठीण.

शिंपला
या रविवारी पाणी बदलणार आहे. केसाळ शेवाळ काढण्याची योग्य पद्धत कोणती, ते सांगावे. ओढताना त्याचे तुकडे सर्वत्र पसरतात.

सागरगोटा
सुटे करता येणारे दगड बाहेर काढा. टाकीतून काढलेले जुने पाणी बादलीत घ्या आणि त्यातच दगड बुडवून कडक दातांच्या नव्या ब्रशने घासा. नळाचे पाणी वापरू नका, क्लोरिनने दगडातील जिवाणू मरतात. घासून झाल्यावर दुसऱ्या बादलीत, तेही जुन्याच खाऱ्या पाण्यात, खळबळून मगच परत ठेवा. ज्या फटींत ब्रश पोहोचत नाही तेथे दगड बाहेर असतानाच थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड ड्रॉपरने लावता येते. औषधाच्या दुकानातील द्रावण बहुधा ६ टक्क्यांचे असते, म्हणून तेवढेच आरओचे पाणी मिसळून ते ३ टक्क्यांवर आणा, दोन-तीन मिनिटे ठेवा आणि खळबळून टाका. हातमोजे घाला. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा अधिक दगड घेऊ नका, उरलेले पुढच्या आठवड्यांत करा, म्हणजे जिवाणूंची संख्या एकदम घटणार नाही.

न हलवता येणाऱ्या दगडांसाठी वेव्हमेकर बंद करा, एका हातात बारीक नळीचे टोक शेवाळाच्या मुळाशी धरा आणि दुसऱ्या हाताने उपटा, म्हणजे तुकडे थेट बादलीत जातात. नंतर संपमधील गाळणीची पिशवी त्याच संध्याकाळी आणि पुन्हा दोन दिवसांनी धुवा, तिच्यात अडकलेले तुकडे कुजू देऊ नका. फॉस्फेट रविवारी पाणी बदलण्यापूर्वी मोजा आणि पुन्हा बुधवारी मोजा. बुधवारचा आकडा किती वर आला, यावरून वाळूत किती साठा आहे याचा अंदाज येईल, आणि जीएफओ लागेल की नुसते चिटो पुरेल हे त्यावर ठरवू. दोन्ही आकडे येथेच लिहा.